फोन ठीक चालतो आहे, मग अपडेट कशासाठी?

वाचकाचे पत्र

मी शिक्षिका आहे. माझा अँड्रॉइड फोन साडेतीन वर्षांचा असून उत्तम चालतो. गेल्या वर्षी त्यावर मोठे अपडेट घेतले तेव्हा दोन-तीन दिवस फोन तापत होता आणि बॅटरी दुपारपर्यंत संपत होती. त्या अनुभवानंतर अपडेटची सूचना आली की मी ‘नंतर’ हे बटण दाबते. गेले तीन महिने हेच चालू आहे. माझा भाऊ म्हणतो की कंपन्या अपडेटच्या नावाखाली जुने फोन मुद्दाम संथ करतात, म्हणून त्याने स्वतःच्या फोनवरची अपडेट कायमची बंद केली आहेत. मुलीचे म्हणणे, एआय असलेला नवा फोनच घे. खरी काळजी मात्र वडिलांची आहे. त्यांचे वय ७८. एके दिवशी त्यांच्या फोनवर कॉल घेण्याचा पडदाच बदलला, बटणे हलली, आणि दोन दिवस त्यांना माझा कॉल घेता आला नाही. त्यांचा फोन जुना आहे आणि त्याला नवी अपडेट येणे केव्हाच थांबले आहे, मग हे झाले कसे? मी कोणाचे ऐकू? शिवाय कपाटात एक जुना टॅब्लेट पडून आहे. त्याचे काय करावे, तेही सांगा.

— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

थेट उत्तर आधी देतो. आज रात्री फोनचा बॅकअप घ्या, तो वायफायवर आणि चार्जरवर ठेवा आणि तीन महिने अडवून ठेवलेले अपडेट घ्या. नवा फोन घेण्याची तुम्हाला आज गरज नाही. वडिलांच्या फोनसाठी मात्र वेगळा विचार करावा लागेल, आणि या उत्तरातला मोठा भाग मी त्यासाठीच राखून ठेवला आहे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर घटना तीच आहे.

तुमच्या भावाचा संशय निराधार नाही. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १०.२.१ ही आवृत्ती दिली आणि तिच्यात, बॅटरी थकलेली असल्यास प्रोसेसरचा कमाल वेग कमी करणारी व्यवस्था घातली. ही गोष्ट ग्राहकांना स्पष्टपणे सांगितली गेली नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फोनच्या वेगाची मोजमापे प्रसिद्ध झाल्यावर कंपनीने वेग कमी केल्याचे मान्य केले, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर काही काळासाठी खाली आणला. पुढे इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांना जुने फोन संथ करणाऱ्या अपडेटबद्दल दंड केला, आणि फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड ठोठावला. तेव्हा भावाला वेड्यात काढू नका. त्याने जे ऐकले आहे त्याच्या मुळाशी घडलेली घटना आहे.

परंतु त्या घटनेतून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची केवळ साठवण घटत नाही, तर तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे वीज बाहेर देताना होणारा आतला अडथळाही, वाढतो. कॅमेरा उघडणे किंवा जड ॲप सुरू करणे अशा क्षणी प्रोसेसर एकदम जास्त वीज मागतो, थकलेल्या बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज) त्या मागणीखाली कोसळतो आणि चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. हे अचानक बंद पडणे टाळण्यासाठी वेगाला लगाम घातला गेला होता. तांत्रिक दृष्टीने तो उपाय समजण्यासारखा होता. अन्याय झाला तो न सांगण्यात, कारण माणसे नवा फोन घेऊन मोकळी झाली, जेव्हा त्यांना केवळ नवी बॅटरी पुरली असती. या वादानंतर, मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.३ पासून, आयफोनमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारे पान आले, आणि आज अनेक अँड्रॉइड फोनमध्येही ही माहिती सेटिंग्जमध्ये किंवा कंपनीच्या सेवा ॲपमध्ये मिळते. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. भावाचा फोन संथ झाला असेल, तर त्याने ते पान उघडून पाहावे. अपडेट बंद ठेवून थकलेली बॅटरी तरुण होत नाही.

आता गेल्या वर्षी तुमच्या फोनला जे झाले त्याविषयी. मोठी आवृत्ती बसल्यानंतर पहिले काही दिवस फोन आतल्या आत बरेच काम करत असतो. प्रत्येक ॲपची आज्ञावली नव्या प्रणालीला जुळेल अशा रूपात पुन्हा तयार करावी लागते, फोटोंची छाननी पुन्हा होते, शोधासाठीच्या याद्या नव्याने बांधल्या जातात, आणि शेकडो ॲप आपापली अपडेट उतरवत असतात. या सगळ्यातून उष्णता निर्माण होते आणि बॅटरी उतरते. दोन-तीन दिवसांत ते शांत झाले, याचा अर्थ तुमचा फोन निरोगी होता. एक आठवडा उलटूनही तीच स्थिती राहिली असती, तर सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर कोणते ॲप किती वीज खाते हे पाहावे लागले असते. बहुतेक वेळा असे एखादेच ॲप सापडते आणि ते काढून पुन्हा बसवल्यावर त्रास थांबतो. या वेळी एवढे करा, की अपडेट घेतल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्री फोन चार्जरला लावून ठेवा. अँड्रॉइड यांतली बरीच कामे फोन वापरात नसताना आणि चार्जिंग चालू असतानाच उरकतो, त्यामुळे दिवसाचा त्रास पुष्कळ कमी होतो.

तुम्ही ‘नंतर’ हे बटण दाबता तेव्हा नेमके काय पुढे ढकलता, हे समजणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फोनवर येणारी अपडेट एकाच जातीची नसतात. वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती दिसणे बदलते आणि नव्या सोयी देते. जवळजवळ दरमहा येणारे सुरक्षा अपडेट दिसण्यात काहीही बदलत नाही. ते फक्त सापडलेली भगदाडे बुजवते. आणि ॲपची अपडेट या दोन्हींपासून स्वतंत्र असतात, ती ॲपच्या दुकानातून येतात. लोक चिडतात पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावर, पण रागाच्या भरात बंद करतात सगळे काही, आणि त्यात दुसरा प्रकारही अडकतो, जो अडवणे सर्वांत धोक्याचे आहे.

दरमहाच्या या पद्धतीला कारण आहे. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ या, व्हिडिओ आणि ध्वनी हाताळणाऱ्या भागातल्या त्रुटी उघड झाल्या. हल्लेखोराला तुमचा फोन नंबर ठाऊक असणे पुरेसे होते. खास रीतीने तयार केलेला मल्टिमीडिया संदेश आला की तो उघडण्याआधीच फोनमध्ये शिरकाव होण्याची शक्यता होती. कोट्यवधी फोन या त्रुटीखाली होते आणि त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवण्याची नियमित वाटच नव्हती. पुढच्याच महिन्यात गूगलने दरमहा सुरक्षा अपडेट देण्यास सुरुवात केली आणि त्यानंतरच्या आवृत्तीपासून फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसू लागली. ती तारीख तुम्ही आजच पाहा. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीच्या पानावर, अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ ती असते. फोन घेतल्याच्या दिवसापेक्षा तुमच्या फोनबद्दल जास्त सांगणारी तारीख ती आहे.

विलंबातला धोका कसा वाढतो, याचे उदाहरण संगणकांच्या जगातले आहे, पण फोनलाही ते तंतोतंत लागू पडते. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध करून दिली होती. त्याच त्रुटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत ज्यांनी दुरुस्ती घेतली होती, त्यांचे संगणक त्या मार्गाने उघडले गेले नाहीत. दुरुस्ती प्रसिद्ध होणे हीच हल्लेखोरांसाठी खूण असते, ही बाब फार थोड्यांना माहीत असते. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून तुलना केली की भगदाड कुठे होते ते कळते, आणि ज्यांनी अपडेट घेतलेले नाही त्यांच्याकडे ते अजून उघडेच असते. म्हणून अपडेट येण्यापूर्वी जो फोन काहीसा सुरक्षित होता, तोच फोन अपडेट आल्यानंतर ते न घेतल्यास अधिक असुरक्षित होतो. तुमच्या फोनमध्ये बँकेचे ॲप असेल, विद्यार्थ्यांच्या पालकांशी झालेले संवाद असतील, घरच्यांचे फोटो असतील. तीन महिने ही मुदत मला अस्वस्थ करते.

अर्थात अपडेटही बिघडतात. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेले आयओएस ८.०.१ काही आयफोनची मोबाइल सेवाच बंद पाडत होते आणि ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फायली पुसल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याचे वितरण थांबवले. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमाने खोळंबली, रुग्णालये अडली. म्हणून माझा सल्ला सरसकट नाही. सुरक्षा अपडेट आठवडाभरात घ्यावे. वार्षिक आवृत्तीसाठी तीन-चार आठवडे खुशाल थांबावे. तेवढ्या काळात पहिल्या चुका उघड होतात आणि दुरुस्त होतात. कंपन्या स्वतःही नवी आवृत्ती सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतात, ते याच कारणाने. तुमच्या बाबतीत तो थांबण्याचा काळ केव्हाच संपलेला आहे.

बॅकअपबद्दल थोडे. फोटो बहुधा आपोआप जपले जातात, पण संदेशांच्या ॲपचा बॅकअप वेगळा असतो आणि तो शेवटचा कधी झाला हे त्या ॲपच्या सेटिंग्जमध्येच दिसते. लॉगिनसाठी सांकेतिक आकडे देणारे ॲप वापरत असाल, तर ते आकडे दुसऱ्या फोनवर परत मिळवता येतील अशी सोय चालू आहे ना, हे आधी तपासा. फोन गेला तर सर्वाधिक हाल त्यावाचून होतात. साठवणीची जागा काठोकाठ भरलेली असेल तर काही जुने व्हिडिओ हलवा. फोनच्या साठवणीच्या चिपला, म्हणजे फ्लॅश स्मृतीला, नवीन काही लिहिण्यासाठी मोकळे कप्पे लागतात, ते नसले की अपडेट अडखळते आणि फोन एरवीही रेंगाळतो. संथ फोनच्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी बॅटरी आणि भरलेली साठवण या दोन कारणांपाशी संपतात, हा माझा अनुभव आहे. उरलेली भीती, म्हणजे मध्येच वीज गेली तर फोन कायमचा बंद पडेल ही, आता पुष्कळशी जुनी झाली आहे. २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून अशी व्यवस्था उपलब्ध आहे की नवी प्रणाली बाजूच्या रिकाम्या जागेत बसवली जाते, आणि ती नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्या प्रणालीवर परततो. सर्व फोनमध्ये ती लगेच आली नाही, परंतु अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये ती आहे.

आता वडिलांकडे येतो. त्यांच्या फोनला नवी आवृत्ती येत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु कॉल घेण्याचा तो पडदा हादेखील एका ॲपचाच भाग असतो, आणि ते ॲप प्रणालीची वाट न पाहता दुकानातून थेट बदलते. रात्री फोन चार्जरला लावला, वायफाय चालू होते, ॲप आपोआप अपडेट झाले आणि सकाळी बटणे हललेली होती. कुणीही त्यांना विचारले नाही, आणि काय बदलले हे त्यांना कळेल अशा रीतीने सांगितलेही नाही.

या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. तंत्रज्ञानाची मला आवड आहे, नव्या आवृत्तीतील बदल मी उत्सुकतेने वाचतो, आणि तरीही मला वाटते की कॉल घेणे आणि कॉल तोडणे यांसारख्या मूलभूत क्रियांची जागा बदलण्याचा अधिकार कंपन्यांनी इतक्या सहज वापरू नये. ७८ व्या वर्षी माणूस फोन वाचून वापरत नाही, हाताच्या सवयीने वापरतो. हिरवे वर्तुळ उजवीकडे असते, ते सरकवायचे असते, एवढे त्याच्या बोटांना ठाऊक असते, आणि ती सवय त्याने पुष्कळ कष्टाने, कित्येकदा मुलांचे बोलणे खाऊन मिळवलेली असते. ती एका रात्रीत निरुपयोगी करणे म्हणजे त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेणे आहे. तुमचा कॉल दोन दिवस घेता आला नाही, त्या काळात त्यांना काय वाटले असेल याचा विचार करा. फोन बदलला असे त्यांना वाटले नसेल, आपल्यालाच आता जमत नाही असे वाटले असेल. म्हणून सर्वप्रथम त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा की चूक त्यांची नव्हती, कंपनीने बटणे हलवली होती. हे सांगणे कोणत्याही सेटिंगपेक्षा आधी करा.

त्यानंतर त्यांच्या फोनवर प्ले स्टोअर उघडा, कॉलसाठीच्या त्या एका ॲपच्या पानावर जा, कोपऱ्यातील तीन ठिपक्यांना स्पर्श करा आणि आपोआप अपडेट होण्यासमोरची खूण काढून टाका. जुना पडदाच परत हवा असेल, तर सेटिंग्जमधील त्या ॲपच्या माहितीच्या पानावर, तशाच तीन ठिपक्यांखाली, अपडेट काढून टाकण्याचा पर्याय असतो. त्याने ॲप फोनसोबत आलेल्या मूळ रूपात परत जाते. सगळ्या ॲपची अपडेट बंद करू नका. इंटरनेटचे ब्राउझर आणि संदेशांचे ॲप बाहेरून आलेला मजकूर सतत उघडत असतात, त्यामुळे ती मागे ठेवणे धोक्याचे आहे. कॉलचे ॲप काही महिने मागे राहिले तर धोका त्या मानाने पुष्कळ लहान आहे, आणि एका वृद्ध माणसाला आपल्या मुलीचा कॉल घेता येणे त्याहून मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कधीतरी तो पडदा बदलणारच, कारण फोन बदलावा लागेल. त्या वेळी बदल तुमच्या समोर होऊ द्या. सुटीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसा, तुमच्या फोनवरून त्यांना कॉल लावा आणि त्यांना तो घेऊ द्या, मग पुन्हा लावा, आणि त्यांचा हात न अडखळता जाऊ लागेपर्यंत हे करत राहा. त्यांच्या हातातून फोन घेऊन ‘हे असे करायचे’ म्हणून दाखवू नका. शिकायचे त्यांच्या बोटांना आहे. काही फोनमध्ये बाजूच्या आवाजाच्या बटणाने कॉल घेण्याची आणि चालू-बंदच्या बटणाने तो तोडण्याची सोय सुलभता सेटिंग्जमध्ये असते. ती मिळाली तर अवश्य चालू करा, कारण खऱ्याखुऱ्या बटणाची जागा कोणतेही अपडेट हलवू शकत नाही.

त्यांच्या फोनचा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. सुरक्षा अपडेट थांबलेला फोन त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणून तो ठीक आहे असे वाटते. पण त्यानंतर सापडलेले प्रत्येक भगदाड त्यात उघडे राहते. शिवाय जुन्या फोनला जग हळूहळू ओळखेनासे होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. संकेतस्थळांना अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचे त्याच्या जागी आलेले नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नव्हते, आणि त्या संस्थेला या फोनसाठी खास तोड काढून ठेवावी लागली, नाहीतर जगातील असंख्य संकेतस्थळे त्यांच्यावर उघडलीच नसती. अशी तोड दर वेळी निघेल असे नाही.

तरीही मी त्यांचा फोन लगेच बदला असे म्हणणार नाही. त्यावरून पैशांचे व्यवहार होऊ देऊ नका; बँकेचे ॲप असेल तर काढा आणि ती कामे तुमच्या फोनवर आणा. त्यांच्या मुख्य ईमेल खात्याचा पासवर्ड तेथे साठवलेला असेल तर तोही हलवा, कारण ईमेल हातात आले की बाकी सर्व खाती उघडता येतात. मग उरतात कॉल, संदेश, फोटो आणि गाणी, आणि तेवढ्यासाठी तो फोन अजून काही काळ चालेल. त्यांना एकच गोष्ट पक्की सांगा: अपडेट फक्त सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच येते. संदेशातील दुव्यावरून, अनोळखी माणसाच्या कॉलवरून किंवा ‘तुमचा फोन धोक्यात आहे’ अशा अचानक उघडलेल्या पानावरून कधीही येत नाही. फसवणारे लोक याच नावाखाली, फोन दुरून ताब्यात घेणारी ॲप वृद्धांच्या फोनमध्ये बसवून घेतात. अनोळखी ठिकाणांहून ॲप बसवण्याची परवानगी प्रत्येक ॲपसाठी सेटिंग्जमध्ये वेगळी दिसते. ती सगळीकडे बंद असल्याची खात्री तुम्हीच करा.

मुलीचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तुमचा फोन चांगला चालत असताना तो मला पटत नाही. एआयच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या सोयींपैकी अनेक सोयी कंपनीच्या सर्व्हरवर चालतात आणि ॲपच्या रूपात तुमच्या आताच्या फोनवरही मिळतात. फोनच्या आतच चालणाऱ्या सोयींना अधिक स्मृती आणि नवा प्रोसेसर लागतो, हे खरे आहे. मात्र त्यांतली कोणती सोय तुम्ही रोज वापराल, याचे उत्तर मुलीने नावानिशी द्यावे. ते मिळाले तर विषय पुन्हा उघडा.

खरेदीची वेळ येईल तेव्हा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आधी एक प्रश्न विचारा: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? या बाबतीत गेल्या काही वर्षांत खरोखर आनंद वाटावा असा बदल झाला आहे. एकेकाळी दोन-तीन वर्षांत फोन वाऱ्यावर सोडला जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याची अपडेट उपलब्ध राहिली पाहिजेत, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. यात एक खाच आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. कंपन्यांची ही वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणारे दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल घेताना त्याची दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. स्वस्त फोनांची मुदत आजही पुष्कळ कमी असू शकते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची मुदत वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

देखभालीने यंत्राचे आयुष्य किती वाढते याचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण पृथ्वीवरचे नाही. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थहीन माहिती पाठवू लागले. त्याच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली होती. नासाच्या अभियंत्यांनी तेथली आज्ञावली तुकड्यांमध्ये विभागून स्मृतीच्या इतर भागांत बसवली, एप्रिल २०२४ मध्ये ते बदल २४ अब्ज किलोमीटरांहून अधिक अंतरावर पाठवले, आणि एकेका दिशेला साडेबावीस तास घेणाऱ्या संदेशांच्या आधारे यान पुन्हा बोलते केले. ज्या यंत्राला हात लावणे अशक्य आहे, ते केवळ नव्या आज्ञावलीने सुधारता आले. तुमच्या साडेतीन वर्षांच्या फोनला त्याची कंपनी अजून दुरुस्त्या पाठवते आहे आणि तुम्ही त्या दारातच थांबवता आहात, हे म्हणूनच मला खटकते.

राहिला कपाटातला टॅब्लेट. तो बाहेर काढून आधी सपाट टेबलावर ठेवा. पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा पाठीला फुगवटा आला असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तो चार्ज करू नका, दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्या. तो सपाट असेल, तर तुम्ही खोलीत असताना चार्ज करून पाहा, त्यातील फोटो काढून घ्या, आपल्या खात्यातून बाहेर पडा आणि तो मूळ स्थितीला आणा (फॅक्टरी रीसेट). नंतर त्यावर कोणतेही महत्त्वाचे खाते न जोडता, नेटशिवाय वाचायची पुस्तके आणि ऐकायचे ध्वनिमुद्रण भरून तो वडिलांना देता येईल. मोठ्या अक्षरांत वाचायला फोनपेक्षा तो कितीतरी सोयीचा पडतो. पुन्हा कपाटातच ठेवायचा असेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी चार्ज करा, तो पूर्ण बंद करून थंड जागी ठेवा, आणि सहा महिन्यांनी काढून परत निम्म्यापर्यंत चार्ज करा.